नानांचा फ्रेंच मिस्त्री

पाचोऱ्यात एक गृहस्थ रोज दुपारी एका फ्रेंच माणसाशी भांडत असत. फ्रेंच माणूस तिथे नसे. तो फ्रान्समध्ये असे, किंवा एव्हाना तिथल्या मातीतही असेल. नानांचं त्यावाचून काही अडत नसे. पत्र्याच्या शेडमध्ये पोत्यावर मांडी घालून, मांडीवर सायकलचा सांगाडा आडवा घेऊन, एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात गार झालेला चहा धरून ते विचारत, "अरे भल्या मानूस, इतलं झकास काम करं तू, अन् आटाच उलटा कसाले पाडा?"

उत्तर येत नसे. नाना थोडं थांबत. मग उत्तर आलं पण पटलं नाही अशी मान हलवून पुन्हा पान्याला लागत.

नाना म्हणजे भुसावळच्या रेल्वे शेडमधले निवृत्त फिटर. मी गावच्या वाचनालयाचा ग्रंथपाल, आणि ती पत्र्याची शेड वाचनालयाच्या मागच्या अंगणात होती. त्यामुळे हे भांडण खिडकीतून मला रोज ऐकू येई.

सायकली आल्या त्या अशा. धुळ्याच्या बाजूला एका खेड्यात फ्रान्सहून आलेल्या सिस्टरांचा लहानसा दवाखाना होता. त्या सायकलवरून पाड्या-वस्त्यांवर औषधं द्यायला जात. पुढे सिस्टर म्हाताऱ्या झाल्या, एकेक करून मायदेशी गेल्या, दवाखान्याला कुलूप लागलं आणि कोठीत नऊ सायकली उरल्या. भंगारवाल्याच्या आधी नाना तिथे कसे पोहोचले हे त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. एवढंच आठवतं की एका दुपारी कापसाच्या रिकाम्या ट्रकमधून नऊ गंजके सांगाडे उतरले आणि त्यांच्यामागून कापसाच्या पुंजक्यांनी माखलेले नाना उतरले.

"भाऊ," ते मला म्हणाले, "तुम्ही पुस्तकं देतस, मी सायकली देसू. खेडान्या पोरी पायी शाळामा येतीस. आठवीलोंग येतीस, मंग घर बसी जातीस."

खरंच होतं ते. जामनेर रस्त्यावरच्या खेड्यांतून मुलींना पाच-सात किलोमीटर चालत यावं लागे. बस होती, पण ती तिच्या मर्जीने येई.

आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष वकील होते. त्यांना ही कल्पना मानवली नाही.

"वाचनालयात सायकली? उद्या म्हशी द्याल, नाना!"

"म्हैस परत करनारा मानूस तुम्ही कधी देखा का, वकीलसाहेब?" नाना म्हणाले. "पोरी सायकल परत करतीस."

वकीलसाहेबांना हसू आलं, आणि अंगणातली शेड नानांना मिळाली.

मग मी पुस्तकांना देतो तसे सायकलींना दाखलक्रमांक दिले. नानांनी ते पांढऱ्या रंगात मागच्या मडगार्डवर लिहिले. सायकल वर्षभर मुलीकडे राहायची. दर शनिवारी मात्र ती शेडमध्ये आणून दाखवायची. वर्गणी नाही. दंड एकच होता. शनिवार चुकवला तर सोमवारी चेनला तेल का घालावं यावर नानांचं व्याख्यान उभ्याने ऐकावं लागे. ते भुसावळच्या वाफेच्या इंजिनापासून सुरू होई आणि चेनपर्यंत पोहोचायला त्याला पाऊण तास लागे. शनिवार कोणी चुकवत नसे.

पण हे सगळं पुढचं. आधी त्या सायकली उघडायला हव्या होत्या, आणि पहिल्याच सायकलीने नानांना पाणी पाजलं.

सायकलच्या दोन्ही पायडलांमधून जो दांडा जातो त्याच्या दोन बाजूंना दोन वाट्या असतात, आणि वाट्यांत छर्रे. आपल्याकडच्या सायकलींत उजवीकडच्या वाटीचे आटे, म्हणजे स्क्रूसारख्या फिरत्या खाचा, उलटे असतात. हे कुठल्याही पंक्चरवाल्याला झोपेतही ठाऊक असतं. त्या फ्रेंच सायकलींत मात्र दोन्ही बाजूंचे आटे एकाच दिशेने होते. नाना वाटी सोडवायला म्हणून दोन दिवस पाना फिरवत राहिले आणि दोन दिवस ती घट्ट होत राहिली. तिसऱ्या दिवशी त्यांनी वैतागून पाना दुसऱ्या बाजूला मारला. वाटी अलगद हातात आली.

नानांनी ती तळहातावर उलटीसुलटी करून पाहिली. तीस वर्षं इंजिनं उघडलेला माणूस. मग हळूच म्हणाले, "म्हंजे येडा मीच व्हतू."

त्या दिवसापासून भांडण सुरू झालं. आणि भांडता भांडता, कशी ते त्यांनाही कळलं नसेल, ओळख वाढली.

त्या सायकली घडवणाऱ्या फ्रेंच कारागिराला नाना 'मिस्त्री' म्हणत. मिस्त्री डावखुरा होता, कारण कानशीचे ओरखडे तसे तिरपे होते. मिस्त्रीची बायको तापट होती, कारण एका सायकलीचे सगळे नट रागाने आवळलेले होते. त्या दिवशी तो घरून भांडून आलेला. मिस्त्रीला थंडी वाजायची. हे कशावरून, ते मी विचारलं नाही. पण सगळ्यांत मोठा शोध नळ्यांच्या सांध्यात होता. नाना माझं बोट धरून सांध्याच्या आत घालत.

"फिरावा. गुळगुळीत शे ना? आतून कानस मारेल शे, भाऊ. आतून! कोन देखनार व्हतं तठे? तो मानूस घाईमा नव्हता."

'घाईमा नव्हता' ही नानांची सर्वोच्च पदवी. त्यांच्या तोंडून ती मी तीनच जणांबद्दल ऐकली: रेल्वे शेडमधला त्यांचा एक जुना उस्ताद, आंबेमोहोर निवडताना अक्का, आणि हा फ्रेंच मिस्त्री.

अक्का म्हणजे नानांची बायको. दुपारचा डबा घेऊन त्या शेडच्या दारात उभ्या राहत आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "मन्हासंगे बोलाले यासले तोंड नही, अन् त्या फ्रान्सना मानूससंगे दिनभर बोलतस! म्हनं जेवाले तरी बलाई ल्या त्याले."

"त्याले आपलं तिखट सोसाव नही," नाना म्हणत. अगदी गंभीरपणे.

त्या वर्षी माझी पत्नी गेली होती. वाचनालय दुपारी बंद असे, पण घरी जायला पाय उचलत नसे. मी शेडमध्ये जाऊन बसू लागलो. नानांनी तो विषय कधी काढला नाही. माझ्या हातात फक्त एक चाक दिलं आणि तारा कशा कसायच्या ते दाखवलं. बाहेर उन्हाने रस्ता पांढरा पडलेला असे. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या बारीक काड्या खाली येत आणि फिरत्या चाकाच्या तारांत अडकून तुटत. पायडल दांड्याला पक्कं धरणारी आपल्याकडची कॉटर पिन त्या सायकलींना केसभर जाड पडे, म्हणून नाना एकेक पिन कानसून बारीक करत. त्या आवाजात डोळे मिटत. जाग आणि झोप यांच्या मध्ये कधी कधी मला वाटे, शेडमध्ये आम्ही तिघं आहोत, आणि तिसरा पलीकडच्या कोपऱ्यात, पाठमोरा, डाव्या हाताने काम करतो आहे.

अशा दोन वर्षांत नऊच्या नऊ सायकली चालू झाल्या. निळ्या, करड्या, एक फिक्या पोपटी रंगाची. सकाळी जामनेर रस्त्याने त्या एका रांगेत येत, तेव्हा नाना वाचनालयाच्या पायरीवर उभे राहून डोळे मिटत आणि नुसत्या आवाजावरून कुठल्या सायकलीला काय दुखतंय ते सांगत.

मग विमलची परीक्षा आली.

विमल पाच क्रमांकाच्या सायकलीची. दहावीला होती, आणि तिच्या वाडीतून दहावीपर्यंत पोहोचलेली पहिली मुलगी. भूमितीच्या पेपरला येताना वाटेत तिच्या पायडलाचा दांडा हलायला लागला. पुढच्या फाट्यावर एक पंक्चरवाला होता. बिचारा भला माणूस. म्हणाला, दोन मिनिटांत वाटी कसून देतो. त्याने आपल्याकडच्या रीतीने पाना फिरवला. वाटी कसली जाण्याऐवजी बाहेर आली आणि सगळे छर्रे रस्त्याच्या धुळीत सांडले.

विमल पेपरला अर्धा तास उशिरा पोहोचली. पर्यवेक्षकांनी कसंबसं आत घेतलं. पण त्या रस्त्याने त्या सकाळी ट्रॅक्टर जात होते, एकदोघांनी तिला बस म्हणूनही सांगितलं होतं. ती बसली नाही. सायकल ढकलत चार किलोमीटर चालत आली.

"सायकल त्या दुकानात ठेवून का नाही आलीस?" पेपर सुटल्यावर मी विचारलं.

"नानानी सायकल शे," ती म्हणाली. "रस्तामा कशी टाकू?"

नाना तिथेच होते. तिच्या ओढणीच्या टोकाला बांधलेले, धुळीतून वेचलेले छर्रे त्यांनी ओंजळीत घेतले. मोजले नाहीत. त्या दुपारी मिस्त्रीशी भांडण झालं नाही.

त्याच उन्हाळ्यात पुण्याहून एक गृहस्थ आले. जुन्या परदेशी सायकलींचे शौकीन. कोणाकडून तरी ऐकून आले होते. माणूस सज्जन, बोलणं मऊ. प्रत्येक सायकल कुठल्या सालची, हे त्यांना तोंडपाठ. ते म्हणाले, या नऊ मला द्या, मी नऊ नव्या कोऱ्या सायकली देतो. आपल्या देशी, मजबूत. कुठल्याही फाट्यावर दुरुस्त होतील.

नानांनी एक सांगाडा पुढे केला. "याना सांधामा बोट घाला, साहेब. आतून."

गृहस्थ हसले, म्हणाले, "हो हो, उत्तम काम आहे," आणि हँडलखालचा पितळी बिल्ला रुमालाने पुसून बघू लागले. बोट काही घातलं नाही.

मला वाटलं, आता नाना नाही म्हणणार. मनातून मलाही तेच हवं होतं.

नाना चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "लई जा."

गृहस्थ गेल्यावर नाना माझ्याकडे वळले. "पोरी टाइमवर पोचाले जोयजेत, भाऊ," ते म्हणाले. "बाकी सारा मन्हा लाड शेतस."

नव्या सायकली आल्या. काळ्या, जड, एकीसारखी दुसरी. जुन्या न्यायला टेम्पो आठ दिवसांनी येणार होता. त्या आठ दिवसांत नानांनी नऊही सायकली पुन्हा उघडल्या, धुतल्या, ग्रीस भरलं. शेवटच्या दुपारी मला हाक मारली. "भाऊ, तुमनं अक्षर चांगलं शे. चिठ्ठ्या लिखा."

चिठ्ठी सीटखालच्या नळीत, मेणकापडात गुंडाळून ठेवायची होती. जो उघडेल त्याला सापडेल अशी. मी आठ लिहिल्या. 'दोन्ही वाट्या एकाच बाजूने फिरतात. जोर करू नये. कॉटर पिन येथे कानसून बसवली आहे. सावकाश.' नववी तशीच लिहून पुढे केली, तर नाना म्हणाले, "यामा अजून लिखा. मिस्त्रीले."

"नाना, मला फ्रेंच येत नाही."

"मराठीमाच लिखा. त्याना उलटा आटा माले समजी गया ना? मंग त्याले बी समजी."

मी लिहू लागलो. नाना कानस पुसत सांगत होते, आणि चिठ्ठी म्हणून ते शुद्ध बोलायचा प्रयत्न करत होते.

'मिस्त्री यांस पाचोऱ्याहून नाना फिटर यांचा नमस्कार. तुमचं काम पाहिलं. आतून पण पाहिलं. भांडलो, ते मनावर घेऊ नये. तुमच्या सायकलींवर बसून आमच्या पोरी शाळेत गेल्या. येथे ऊन फार आहे. तुमची प्रकृती कळवावी.'

"खाली पत्ता लिखा," ते म्हणाले.

"कुणाचा? त्यांचा आपल्याला ठाऊक नाही."

"आपला. वाचनालयना. नहीतर उत्तर कोठे धाडी तो?"

मी पत्ता लिहिला. नानांनी चिठ्ठीची घडी घातली, पोपटी सायकलीच्या नळीत सोडली, वर सीट बसवली आणि नट आवळला.

विमल पास झाली, भूमितीत काठावर. नव्या सायकलींना नानांची फारशी गरज पडली नाही. त्या फाट्याफाट्यावर दुरुस्त होत. नाना मग दुपारी वाचनालयातच येऊन बसू लागले. वर्तमानपत्र समोर धरत, पान उलटत नसत. दाराशी पोस्टमनची सायकल थांबली की मान वर करत, आणि मी टपाल चाळून संपेपर्यंत माझ्या हातांकडे बघत राहत.

नाना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. टपाल अजून माझ्याच टेबलावर येतं. प्रत्येक पाकीट उघडण्याआधी मी त्यावरचं तिकीट कुठल्या देशाचं ते बघतो.