घाडीला थोडी ताकद द्यायची होती, एवढंच!

"शुक्रवारपर्यंत घाडी असा चालवून दाखवतो, की लोक तलवारी टाकून नारळ हातात घेतील!" गौरेशने भर ऑफिसात जाहीर केलं आणि टेबलावर असा हात आपटला, की कंपनी चालवणाऱ्या सुविधा मॅडमचा चहा कपातून बशीत आला.

गौरेश म्हापशाच्या एका छोट्या कंपनीत ऑनलाइन गेम बनवायचा. 'पाताळगड' हे त्या गेमचं नाव. आपण एक पात्र निवडायचं, चार अनोळखी खेळाडूंना सोबत घ्यायचं आणि राक्षस मारत सुटायचं. योद्धा, धनुर्धारी, मांत्रिक ही नेहमीची मंडळी त्यात होतीच. पण गौरेशने हट्टाने आणखी एक पात्र घुसवलं होतं. घाडी! म्हणजे आपल्याकडे देवापुढे नारळ ठेवून सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालतो, तो. कमरेला धोतर, कपाळभर गंध, हातात नारळ. राक्षस समोर आला की गेममधला घाडी गाऱ्हाणं घालायला घ्यायचा, आणि ते पुरं व्हायच्या आत राक्षस त्याला खाऊन मोकळा व्हायचा!

साहजिकच घाडी कोणी घेत नव्हतं. जे घेत, ते चुकीचं बटण दाबलं गेलं म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी कंपनीला लिहीत, की आम्हाला यातून सोडवा.

"साईशचा निंजा तयार आहे," मॅडम बशीतला चहा परत कपात ओतत म्हणाल्या. "शुक्रवारी महाराक्षसाची मोठी लढाई आहे. त्यात घाडी चालला तर राहील. नाही चालला तर त्याच्या जागी निंजा."

"पेडण्याच्या माणसाच्या जागी निंजा?" गौरेश ओरडला.

"गेम पाताळात आहे मरे, पेडण्यात नाही," शेजारच्या टेबलावरचा साईश शांतपणे म्हणाला. त्याने निंजाचं चित्र छापूनसुद्धा आणलं होतं.

आता यात एवढं जिवाला लावून घेण्यासारखं काय होतं? होतं! गेममधला घाडी म्हणजे गौरेशचा सख्खा काका होता. कृष्णनाथकाका पेडण्याजवळच्या गावात खरोखरचे घाडी. त्यांचं पोट, त्यांच्या मिश्या, त्यांची डुलत डुलत चालायची पद्धत, सगळं गौरेशने जसंच्या तसं गेममध्ये उतरवलं होतं. काकांनी ही बातमी अख्ख्या गावाला सांगितली होती, शेजारच्या गावाला सांगितली होती, म्हापशाच्या बाजारात मिरच्या घेताना मिरचीवालीलाही सांगितली होती. गौरेश या काकांच्याच घरी लहानाचा मोठा झाला. त्यांचा पडलेला चेहरा त्याला बघवलाच नसता. "काका, तुमका काढून निंजा घातलो," हे वाक्य त्याला मनातल्या मनातसुद्धा पुरं म्हणवत नसे.

त्यात काका स्वतः रोज खेळत आणि रोज फोन करत.

"गौरेश, मी परत मेलंय!"

"आज कोणी मारल्यान काका?"

"बेबो!"

"बेडूक? काका, तो सगळ्यात कमजोर आसा!"

"हिरवो बेबो, एवढोसो! मी अजून 'बा देवा म्हाराजा' म्हणतंय, तवसर तेणां उडी मारल्यान. गावचो घाडी बेब्याच्या हातान मरता, ह्यां बरां दिसता काय?"

बरं दिसत नव्हतंच! म्हणून गौरेशने आधी घाडीचा नारळ जड केला. तो इतका जड झाला, की घाडीला उचलेना. लढाईभर घाडी नारळावर ओणवा होऊन कुंथत राहिला. मग गौरेशने नारळ हलका केला. आता तो राक्षसाच्या टाळक्याला लागून उसळी घ्यायचा आणि मागच्या आपल्याच चार माणसांना आडवं करून परत हातात यायचा. "हा घाडी नक्की कोणाच्या बाजूचा?" खेळाडूंनी विचारलं. साईशने निंजाचं चित्र भिंतीवर चिकटवलं.

गुरुवारी दुपारी भाजी-पाव खाता खाता गौरेशला एकदम साक्षात्कार झाला. त्याने पाव तसाच हवेत धरला.

"मॅडम! गाऱ्हाण्यात ताकद कोणाची? मागच्या माणसांची! घाडीने एक वाक्य म्हणायचं आणि सगळ्यांनी मिळून 'व्हय म्हाराजा!' म्हणायचं. मागे कोणी नसेल तर घाडी म्हणजे नुसता आपल्याशी पुटपुटणारा म्हातारा! आपण माईक वापरू. सोबत्यांनी 'व्हय म्हाराजा!' म्हटलं, की दर वेळी घाडीची ताकद दुप्पट!"

संध्याकाळी त्याची चाचणी झाली. गौरेशने गाऱ्हाणं घातलं. साईश नाइलाजाने "व्हय म्हाराजा" म्हणाला. नारळ सुटला आणि तीन राक्षस एकदम कोसळले! मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. दुसऱ्या वेळी त्या स्वतःच ओरडल्या, "व्हय म्हाराजा!" तिसऱ्या वेळी तर उभ्या राहून! पार खालच्या मजल्यावरचा शिंपी वर डोकावून गेला.

"पण दुप्पट, दुप्पट करत किती वाढेल हे? मर्यादा घातलीस ना?" मॅडमनी धापा टाकत विचारलं.

"एका घाडीमागे चार-पाच माणसं जमली तरी खूप झालं मॅडम! मर्यादा कसली घालायची?"

मग त्याने काकांना फोन लावला. "काका, फाल्यां लढाई! सकाळीच गेम चालू करा आनी फोन खिशात ठेवा. मी सांगलंय की भायर काढा. आनी काय झालां तरी माईक बंद करू नकात!"

"करूचंय नाय. माझां काय जाता!" काका म्हणाले.

शुक्रवार उजाडला. हजारो खेळाडू जमले. डोंगराआडून महाराक्षस आला. कृष्णनाथकाकांचा घाडी सगळ्यात मागे, एका झाडाखाली गप्प उभा होता. आणि अचानक त्याच्या डोक्यावरचा ताकदीचा आकडा हलला.

"बघा, काका सुरू झाले!" गौरेश आनंदाने किंचाळला.

आकडा दुप्पट झाला. परत दुप्पट. परत! घाडीच्या हातातला नारळ कलिंगडाएवढा झाला, मग बसएवढा, मग त्याच्यापुढे घाडी दिसेनासाच झाला. गौरेशने घाईघाईने हेडफोन कानाला लावला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुझो विशाल मोपाच्या विमानात बसता आनी बोटीवर कामाक जाता, तेच्या वाटेत काय आडां येतलां, तां दूर कर रे म्हाराजा!"

आणि पन्नासेक गळे एकदम, "व्हय म्हाराजा!"

गौरेश धपकन खुर्चीत बसला. शेजारचा विशाल नोकरीला निघाला होता. त्याच्या घरी देवापुढे नारळ ठेवला होता. गाऱ्हाणं घालायला अर्थातच काका, आणि काकांच्या खिशात फोन, माईक चालू! माईकला काय कळणार, सोबती कोण आणि शेजारी कोण?

काका एखाद्याचं गाऱ्हाणं आटोपतं घेतील तर ते काका कसले? त्यांनी विमानाचे पंख मागितले. "व्हय म्हाराजा!" इंजीन मागितलं. "व्हय म्हाराजा!" विमान चालवणाऱ्याला डुलकी लागू नये म्हणून मागितलं, बोटीचा कप्तान मायाळू मिळावा म्हणून मागितलं, समुद्रात विशालचं पोट ढवळू नये म्हणूनही मागितलं. इकडे महाराक्षस पहिल्याच नारळात सपाट झाला होता. मग उरलेले राक्षस गेले. मग आपले योद्धे गेले. मग डोंगर गेला. खेळाडू जिथे शस्त्रं विकत घेतात ते दुकान गेलं, दुकानदार गेला!

"हल्ला झालाय!" मॅडम धावत आल्या. "पेडण्याहून पन्नास जणांची टोळी आलीये!"

"टोळी नव्हे मॅडम, शेजारी ते!"

"मग बंद कर त्यांना!"

पण सर्व्हर असा गुदमरला होता, की कुठलंच बटण चालेना. गौरेशने काकांना फोन लावला. काकांच्या खिशात रिंग वाजली. काका जराही अडखळले नाहीत.

"आनी म्हाराजा, ह्यो जो कोण मधीच फोन करता, तेकाय चांगली बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आकडा परत दुप्पट!

गौरेशने काकांच्या मुलीला, गौरवीला, फोन लावला. "गौरवी, काकांक थांबय!"

"मधीच कशां थांबवू? खुळो जालंस काय?" ती कुजबुजली. "विशालाच्या आवशीक काय वाटतलां?"

"मग स्पीकरवर घाल! मीच सांगतंय!"

गौरवीने फोन स्पीकरवर टाकला आणि उंच धरला. गौरेशने छातीत भरेल तेवढी हवा भरली.

"आयका! कोणीच 'व्हय म्हाराजा' म्हणू नकात!"

लोकांच्या कानावर 'म्हाराजा' पडलं. तोंडं सवयीने उघडली. "व्हय म्हाराजा!"

"अरे, गप ऱ्हवा रे म्हाराजा!" गौरेश कळवळून ओरडला.

अशा कळवळून घातलेल्या गाऱ्हाण्याला लोकांनी मनापासून साथ दिली. सगळ्या घराने, विशालला न्यायला आलेल्या अंगणातल्या ड्रायव्हरने, विशालने स्वतः. "व्हय म्हाराजा!!!"

स्क्रीन काळी झाली. पाताळगड पाताळात गेला.

गौरेशने बॅग आवरायला घेतली. नोकरीचं सोडा, ती दुसरी मिळाली असती. काकांना तोंड कसं दाखवायचं, हे त्याला कळत नव्हतं. त्याला खरोखर रडू येत होतं.

"बस खाली," मॅडम आपल्या स्क्रीनकडे बघत म्हणाल्या. "हे वाच."

खेळाडूंचे निरोप धो धो येत होते. 'मी मेलो, पण काय मजा आली!' 'तो नारळवाला कसा मिळतो?' 'हे म्हाराजा म्हाराजा काय आहे? आमचं आख्खं हॉस्टेल ओरडतंय!' संध्याकाळी मर्यादा घालून गेम परत सुरू केला, तर जो तो घाडी मागत सुटला. नागपूरच्या एका आईने लिहिलं, की मुलाला जेवायला हाक मारली तर तो आतून 'व्हय म्हाराजा' म्हणतो, आणि येत मात्र नाही. साईशने भिंतीवरचा निंजा स्वतःच्या हाताने उतरवला.

"घाडी राहिला," मॅडम म्हणाल्या.

गौरेश बस स्टँडवर धावतच गेला. पेडण्यापर्यंत त्याला बसायला जागा मिळाली नाही, पण तो उभ्या उभ्याच हसत होता. घरी पोचला तेव्हा काका सोप्यावर आपल्या कदेलात, म्हणजे जुन्या लाकडी खुर्चीत बसून, मान खाली घालून मोबाइलवर खेळत होते.

"काका! तुमचो घाडी ऱ्हवलो! सगळ्या देशात लोक घाडीच घेतत!"

"बरां झालां हां," काका म्हणाले. मान काही वर आली नाही.

गौरेशने वाकून पाहिलं. स्क्रीनवर एक शिडशिडीत पोरगी लांब वेणी उडवत, सपासप बाण सोडत झाडावरून झाडावर उड्या मारत होती.

"ह्यां कोण? घाडी खंय गेलो?"

"सोडलंय तेका."

"सोडलास? काका, मी तुमच्यासाठी..."

"अरे, दिसभर गावात घाडीच आसंय मरे मी!" काकांनी आणखी एक बाण सोडला. "खेळातय परत मीच होवचां, तर खेळाचां कित्याक?"