साळवेभाऊंचा कोरा माल

रविवार, आठ फेब्रुवारी. आजचं काम : गच्चीवर तूरडाळीला ऊन दाखवणं. ते अर्धवट राहिलं, कारण शेजारचे साळवेभाऊ आले.

साळवेभाऊ कुठल्याही वस्तूवरचं प्लास्टिक काढत नाहीत. त्यांचा नवा सोफा अजून दुकानातल्यासारखा गुंडाळलेला आहे. पाहुणा उन्हाळ्यात त्याला चिकटतो, थंडीत घसरतो. रिमोट पिशवीत, पिशवी रबरात. पाणी पिताना ग्लासावरचा स्टिकर ओठाला लागतो. अंबरनाथला रंगाच्या कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. निवृत्त झाले आणि स्टोअर बदलापूरला घरी घेऊन आले. "ताई, माल कोरा पाहिजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "परत कोण घेणार आहे?" असं मी एकदा विचारलं. "तुम्हाला नाय कळणार," म्हणाले.

वहिनी होत्या तोवर कव्हर फक्त टीव्हीला होतं. त्या गेल्या, मुलगी प्रज्ञा नोकरीसाठी जर्मनीला गेली, आणि मग घरातल्या एकेका वस्तूला कपडे चढले.

जाताना प्रज्ञाने आपला गेमिंग लॅपटॉप बापाला दिला. जाडजूड यंत्र, बटणांखाली लाल दिवे. दर रविवारी संध्याकाळी त्यावरच्या एका खेळात ती तिकडून आणि भाऊ इकडून, एकाच रस्त्यावर ट्रक चालवतात. फोनवर या दोघांचं "जेवलीस?" "हो, तुम्ही?" "हो," यापुढे कधी काही जात नाही.

"ताई, ट्रक बसला," भाऊ गच्चीच्या दारातूनच म्हणाले. "सुरुवातीला झक्कास पळतो, मग अचानक बैलगाडी. पोरगी पुढे जाऊन माझ्यासाठी थांबते. म्हणाली, बाबा, दाखवून घ्या, नाहीतर बंदच करू या हे."

शेवटचं वाक्य बोलताना ते डाळीकडे बघत होते.

"बर्फाने असेल," मग म्हणाले. "तिकडे बर्फ पडतोय ना."

"भाऊ, बर्फ जर्मनीत आहे. लॅपटॉप बदलापुरात आहे."

"तेच तर. फरक पडणारच."

मी खाली जाऊन बघितलं. चार्जर नीट लागलेला होता. लॅपटॉपला हात लावला, तर त्यावर चपाती भाजता आली असती इतका तापलेला.

"हे सुरू व्हायच्या आधी नवीन काय केलंत?"

"काही नाय."

"भाऊ."

"कव्हर शिवलं फक्त."

उल्हासनगर कॅम्प चारमधून शिवून आणलं होतं. रेक्झिनचं, कडेला पायपिंग. पडदा आणि बटणं तेवढी उघडी, बाकी खालून, बाजूने, मागून डब्याच्या झाकणासारखं गच्च. तिथल्या सिंधी शिंप्याने सांगितलं होतं म्हणे, "साईं, हवा भी अंदर नहीं जाएगी." आणि तो शब्दाला जागला होता.

"काढा ते."

"ताई, धूळ..."

"मिक्सरला गोधडी गुंडाळून चटणी वाटाल का? आतला पंखा हवा कुठून ओढणार? फार तापलं की ते स्वतःला वाचवायला हळू होतं."

त्यांनी कव्हर असं उतरवलं, जसं तापलेल्या मुलाचं स्वेटर. शिलाई मशीनच्या ब्रशने मी जाळ्या झाडल्या आणि चार कोपऱ्यांखाली कॅरमच्या सोंगट्या ठेवल्या. आता खालून वारा लागत होता.

माझ्याच दुरुस्तीवर माझा विश्वास नसल्यामुळे संध्याकाळी मी मुद्दाम बघायला गेले. ट्रक सुसाट. चढ, पूल, बोगदा, कुठे अडकला नाही.

"अरे वा, बाबा!" प्रज्ञाचा आवाज आला. "आज तर माझ्या पुढे!"

ट्रकमधला माल पोचलासुद्धा. "किती पटकन झालं! चला, मला कपडे धुवायचेत. बाय बाबा."

आवाज बंद झाला. भाऊ स्टिअरिंगवर हात ठेवल्यासारखे बटणांवर हात ठेवून बसले.

"झालं ना काम?" मी म्हटलं.

"एकदम." थोड्या वेळाने म्हणाले, "ताई, तो बिघडलेला ना, तेव्हा ती पुढे जाऊन थांबायची. थांबली की बोलायची. साहेब कसा खडूस आहे, भेंडी किती महाग आहे. आईसारखं कालवण करायला गेली आणि करपलं, तेपण सांगितलं. मी आपला हळूहळू येत ऱ्हायचो."

"मग घालायचं परत कव्हर?"

"छे छे, मशीन जळेल. तिचं आहे ते."

सोमवारी सकाळी डबे भरून झाल्यावर मी प्रज्ञाला फोन लावला. तिकडे पहाट होती. ती धडपडत उठली.

"काकू? बाबा बरे आहेत ना?"

"ठणठणीत. पुढच्या रविवारी तुमच्या त्या खेळातलं सगळ्यात लांबचं भाडं घे. आणि मध्ये थांबत जा."

"का हो?"

मी सांगितलं. दोन वाक्यांत.

"काकू, सगळ्यात लांबचं भाडं एका रविवारात पोचत नाही."

"मग दुसऱ्या रविवारी पोचव," म्हटलं, आणि फोन ठेवला.