रविवारचा भोंगा

रविवारी सकाळी आमच्या गल्लीत एक माणूस तोंडाने भोंगा वाजवतो. गच्चीवर उभा राहतो, दोन्ही हात तोंडाशी धरतो आणि "भोंऽऽऽ" करतो. कुत्री पळतात. नवे भाडेकरू दार उघडून बघतात, कोण मेलं.

हा रेगे. माझा शेजारी, कारखान्याच्या इन्स्पेक्शनमधून रिटायर. लग्न केलं नाही. लोक म्हणतात, ह्याने एकही मुलगी पास केली नाही. तो म्हणतो, "उलटं आहे. मीच रिजेक्ट."

भोंग्याचं कारण सांगतो. भोपाळच्या टाउनशिपला लागून आम्ही सगळे रिटायर झालेले राहतो. जन्मभर कारखान्याच्या भोंग्यावर उठलो, भोंग्यावर डबा उघडला. आता गोळ्याही भोंग्यावरच. रेगेनेच नावं पाडलीत, फर्स्ट शिफ्टची गोळी, नाइट शिफ्टची गोळी. पण रविवारी कारखाना बंद, भोंगा बंद, म्हातारे गोळी विसरतात. मी विसरलो. नळाशी चक्कर येऊन पडलो. पुढच्या रविवारी रेगे गच्चीवर.

आधी मला भोंगा लागत नव्हता. माझी बायको कुसुम गोळी तळहातावर ठेवायची आणि मी गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. मी म्हणायचो, "पोलीस आहेस का?" ती गेली. मी चौथी शिकलेला, पाकिटावरचं इंग्रजी मला काय कळणार! तिच्या साखरेच्या गोळ्या आणि माझ्या बीपीच्या एकाच डब्यात. रेगेने येऊन डबा उपडा केला.

"नाना, ही कोणाची?"

"कुसुमची."

"रिजेक्ट. माणूस नाही त्याची गोळी घरात नको. एक दिन उठाके खा लोगे."

"हात लावलास तर तंगडं तोडीन."

"तोडा. आधी तुमची गोळी अंदर!"

नेल्याच त्याने. दवाखान्यात परत दिल्या म्हणे. कुसुमचा डबा मात्र धुऊन पुसून आणून दिला, आत माझ्या पाकिटाला लाल दोरा बांधलेला. तरी मी बरेच दिवस त्याच्याशी बोललो नाही.

गेल्या रविवारी भोंगा झालाच नाही. गोळी हातात, पण गिळवेना. शेवटी ती तशीच मुठीत घेऊन त्याच्याकडे गेलो. दार नुसतं लोटलेलं. रेगे खाटेवर, अंगात ताप, घसा पार बसलेला. स्टुलावर पाणी आणि त्याच्या गोळ्या तशाच.

"तुझी का नाही घेतलीस रे?"

"भोंगा कुठे झाला?" तो घोगरं हसला. मग भिंतीकडे बघत म्हणाला, "गल्लीसाठी भोंगा दिला की माझीही घेतो, नाना. नुसतं एकट्यासाठी... राहून जातं."

त्याने बोटाने दाखवली ती गोळी मी त्याच्या तळहातावर ठेवली. तोंडाशी हात धरले आणि भोंगा दिला. खोकलाच जास्त निघाला.

"रिजेक्ट," रेगे म्हणाला. "परत."

परत दिला. तो गिळेपर्यंत मी समोरून हललो नाही.