खोली सतरामध्ये समाधान भेटेल

समाधानची बॅग बुधवारीच भरून झाली होती. कपडे, पुस्तकं आणि मायने दिलेला केळीच्या वेफरचा डबा, सगळं आत. गुरुवारी दोनची यावलची बस धरायची आणि जळगावच्या विद्यापीठाला कायमचा रामराम ठोकायचा, असा बेत होता. पहिल्याच वर्षी गणितात दोनदा आपटलेल्या माणसाने दुसरं काय करावं? फेरपरीक्षेचा अर्ज भरायची मुदत सोमवारपर्यंत होती, पण तो भरायचाच नव्हता. घरी सांगितलं नव्हतं, मित्रांना नाही. वसतिगृहाच्या सतरा नंबर खोलीतल्या जोडीदाराने, योगेंद्रने, "बॅग कशाला भरली?" असं विचारलं, तर "काही नाही, भो. कपाट साफ करू राहिलो," एवढंच बोलला.

योगेंद्र धुळ्याचा, मराठीच्या मास्तरांचा मुलगा. कोणी "आज मेसमध्ये पोहे भेटले" म्हणालं, की हा लगेच विचारणार, "हो का? काय म्हणाले पोहे?" अहो, खानदेशात जेवण भेटतं, बस भेटते, मार्कसुद्धा भेटतात. पण या पठ्ठ्याला फक्त माणसं भेटायची, बाकी सगळं मिळायचं. आणि नेमकं यालाच विद्यापीठाने 'विद्यार्थी-मित्र' नेमलेलं! परीक्षेच्या दिवसांत पोरांचं मन बिथरतं, मोठ्यांशी ती बोलत नाहीत, बरोबरीच्याशी बोलतील, अशी योजना. योगेंद्रने चार दिवसांचं प्रशिक्षण घेतलं, कोऱ्या फॉर्मची फाईल आणली आणि गुरुवारी सकाळी जिन्यात कागद चिकटवला:

'मन जड झालंय? खोली क्रमांक सतरामध्ये या. समाधान भेटेल.'

दुपारी एक वाजता समाधान बॅग खांद्याला लावून निघाला, तर दारात साक्रीचा भटू. अंगाने पैलवान, पण डोळे भरलेले.

"समाधान तूच शेस का?"

"हो, पण..."

"मनं काही खरं नही, भाऊ," म्हणत भटू त्याच्या कॉटवर बसला. कॉट कण्हली. "खोलीमा बठ्ठं येस. पेपर हातमा उना की बठ्ठं इसरी जास!"

पेपर हातात येताच हा सगळं विसरतो, हे ऐकून समाधानने योगेंद्रकडे बोट दाखवलं. "तो आहे तुझा माणूस. मी समाधान आहे, पण तो समाधान नाही."

योगेंद्र फॉर्म घेऊन पुढे सरकला. "नाव? वर्ग? अडचणीचं स्वरूप?"

भटूने तोंड फिरवलं. "नही. कागदवर समाधान लिखेल शे."

आता रडणाऱ्या पैलवानाला ओलांडून बस कशी धरायची? समाधानने बॅग उघडून वेफरचा डबा पुढे ठेवला. भटू खात होता, बोलत होता. शेवटी समाधान म्हणाला, "असं कर, तू मले शिकव. मले तर यातलं काहीच येत नाही. माझ्यासारख्या ठोंब्याच्या डोक्यात शिरलं, तर तुझ्या डोक्यातून कुठे जाणार?"

भटूने गणिताचं पुस्तक उघडलं. दोनची बस गेली. चारचीही गेली.

भटूने ही बातमी रात्रीच्या जेवणात सगळ्या मेसला वाढली. शुक्रवारी समाधानने पुन्हा बॅग उचलली, तर दारात स्वयंपाकी झुलालनाना. "पोरं मनी भाजी टाकी देतस, भाऊ. वीस वरीस व्हयनात, चांगली शे असं कोन्हीच म्हनं नही."

समाधान मेसमध्ये गेला, भाजी चाखली आणि म्हणाला, "नाना, वांगं झकास. मिठाचा हात तेवढा आवरा." संध्याकाळी भरीत पुरलं नाही. भरीत संपलं म्हणून नाना रडले, पण ते रडणं वेगळं.

शनिवारी दाराबाहेर चपलांचा ढीग पाहून रेक्टर विचारून गेले, "सत्यनारायण आहे का? प्रसादाला कधी येऊ?" कोणाला घरची आठवण, कोणाला इंग्रजीची धास्ती, कोणाचं प्रेम नंदुरबारला राहिलेलं. समाधान काय करायचा? काही नाही. ऐकायचा. आणि खरं सांगतो, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. स्वतः नापास झालेला असल्यामुळे त्याच्या तोंडून उपदेश निघत नव्हता, आणि पोरांना हवं होतं तेच. मोठ्या मनाचा पोरगा! रोज पाचला मात्र भटू रांग हाकलायचा आणि समाधानला गणित शिकवायचा. रविवारी समाधानचं पहिलं गणित एकट्याने सुटलं, तेव्हा भटू एवढ्या जोरात ओरडला की रेक्टरांना आरती सुरू झाली असं वाटलं.

योगेंद्र कोपऱ्यात कोरे फॉर्म घेऊन बसलेला. येणाऱ्यांना पाणी द्यायचा, एवढंच.

सोमवारी योजनेच्या प्रमुख सुलक्षणा मॅडम आल्या. "योगेंद्र, अख्खं वसतिगृह समाधानचं नाव घेतंय. तुझ्याकडे एकही जण नाही?"

"नाही, मॅडम."

"आणि जिन्यात 'समाधान भेटेल' असं तू लिहिलंस? अरे, माझं परिपत्रक तू लाल पेनाने सुधारून परत पाठवलं होतंस!"

"चूक झाली, मॅडम," योगेंद्र मान खाली घालून म्हणाला.

"चूक? तुझी?" मॅडम हसत हसत गेल्या.

समाधान मात्र हसला नाही. तो सरळ उठला आणि योगेंद्रची फाईल उघडून बसला. सगळे फॉर्म कोरे. फक्त पहिला भरलेला, तारीख बुधवारची. म्हणजे जिन्यात कागद लागण्याच्या आदल्या दिवसाची.

'नाव: समाधान. अडचण: बॅग भरली आहे. विचारलं तर कपाट साफ करतोय म्हणतो. उपाय: याला माणसं भेटली पाहिजेत.'

त्याखाली फेरपरीक्षेचा कोरा अर्ज जोडलेला.

समाधानने तारीख पुन्हा वाचली. "म्हणजे ती चूक..."

"पाच वाजता खिडकी बंद होते," योगेंद्र पेन पुढे करत म्हणाला.

समाधानने अर्ज भरला. खाली सही ठोकली. मग त्याने बॅग कॉटवर उलटी केली. कपडे, पुस्तकं आणि डबा, सगळं बाहेर आलं.

योगेंद्रने डब्याकडे पाहिलं. "चार दिवस सगळ्यांना वाटलेस. आता मला भेटतील का थोडे वेफर?"

समाधानने डोळे पुसले आणि डबा छातीशी धरला. "भेटतील नाही रे, भो," तो म्हणाला, "मिळतील."