सरपोतदारांच्या दोन रेघा

सरपोतदारांच्या हातावर तुम्ही तिळगूळ ठेवलात तर ते ‘गोड बोला’ म्हणणार नाहीत. “दाणे कुठले?” असं विचारतील.

आमच्या सदाशिव पेठेतल्या इमारतीत ते वरच्या मजल्यावर राहतात, एकटे. हडपसरच्या एका प्रयोगशाळेत ते शेंगदाण्यावरच्या बुरशीचं विष ओळखणारी पट्टी तयार करतात. “हे विष दिसत नाही, त्याला चव नाही, हळूहळू यकृत खातं,” ही माहिती ते समोरचा माणूस चिक्की चावत असतानाच देतात. पट्टीवर म्हणे सोन्याचे कण असतात, डोळ्यांना न दिसणारे. “न दिसणारं सोनं काय कामाचं?” असं माझी बायको सुनीता म्हणते.

चिमूटभर कूट कुपीतल्या द्रावणात हलवायचं, त्याचा थेंब पट्टीवर टाकायचा आणि दहा मिनिटं थांबायचं. दोन रेघा उमटल्या तर खुशाल खा, एकच उमटली तर फेकून द्या. करोनात दोन रेघांची धास्ती घेतलेल्या आमच्या इमारतीला हे पचायला जरा वेळ लागला.

महाशिवरात्रीला आम्ही सगळे गच्चीवर एकत्र फराळ करतो. सरपोतदार जिन्याच्या तोंडाशीच पट्ट्या घेऊन बसतात. तपासणी होईपर्यंत खिचडी गारढोण होते. कुणी कुरकुरलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं असतं, “थंड खिचडीनं कोणी मेलेलं नाही.”

गेल्या वर्षी त्यांनी सुनीताच्या दाण्याच्या आमटीला दोनदा पट्टी लावली.

“माझ्यावर विश्वास नाही का?” तिनं विचारलं.

“पट्टीवर आहे, वहिनी.”

झालं. तेव्हापासून अबोला.

यंदा सगळ्यांचे डबे तपासून झाल्यावर सरपोतदार पाण्याच्या टाकीजवळ जाऊन बसले. त्यांनी स्वतःचा छोटा डबा उघडला. आत घरी वळलेले दाण्याचे लाडू होते. सुनीता वाढता वाढता थांबली.

“हे तपासलेत?”

“हे माझ्यापुरतेच आहेत. एका माणसासाठी कशाला पट्टी वाया घालवायची?”

ते अगदी सहज म्हणाले. सुनीतानं त्यांच्या पिशवीतली कुपी आणि पट्टी काढली, लाडू कुस्करला, थेंब टाकला. हळूहळू सगळे भोवती जमले.

एक रेघ उमटली. दुसरी आलीच नाही.

सरपोतदारांनी चष्मा पुसून पट्टी पुन्हा उजेडात धरली.

“दाणे कधीचे?” सुनीतानं थेट त्यांच्याच सुरात विचारलं.

“बरेच दिवस पडून होते. एकट्याला कितीसे लागतात?”

तिनं डबा कचऱ्यात रिकामा केला आणि त्यांच्यापुढे खिचडीची ताटली ठेवली. “यापुढे उपासाचं आमच्याकडेच खायचं. पट्टी आणा हवी तर, डबा आणायचा नाही.”

सरपोतदारांनी एक घास घेतला. “थंड आहे,” ते पुटपुटले.

“थंड खिचडीनं कोणी मेलेलं नाही,” सुनीता म्हणाली.

ते मान खाली घालून खात राहिले. मग त्यांनी आणखी थोडी मागून घेतली.