घागरीतला शब्द

श्रीपडदा प्रसन्न. जिच्यावर उजेड पडला असता रंकाचा राव होतो, त्या पांढऱ्या भिंतीस नमन करोन लिहिले जाते की, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, सोमवार, इंग्रजी नऊ जून, ते दिवशी राज्यात गडदिनाचा सोहळा जाहला. राज्यात 'गगनगड' नामे चित्रपटाचे सात भाग परमपूज्य. त्यात लोखंडी टोप घातलेला किल्लेदार वेढा पाहून गर्जतो, "नऊ जून पुरे!" अर्थ कोणास कळेना, आणि कळेना म्हणूनच भक्ती वाढली, आणि मग रसिकांनी नऊ जून हाच सण ठरविला. सरकारी यादीत सुटी नाही, सबब त्या दिवशी कचेऱ्यांत तापाची साथ येई, आणि तेच तापकरी सायंकाळी डोईस कुकर घालोन, थर्माकोलच्या समशेरा उपसोन मंगल कार्यालयात जमत. त्यांतही दोन तट. एक म्हणे, जून तो महिना. दुसरा म्हणे, जून म्हणजे निबर, मुरलेले नऊ वीर. हे लोक प्रसादास जून वांग्यांची भाजी करीत. ती शिजत नसे, परंतु श्रद्धेने चावीत.

त्याच गावी रंगोपंत उपळेकर राहत. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, आवाज मात्र खणखणीत. टोपाआड नट कोणी का असेना, किल्लेदाराचा आवाज यांचा. टोपाचा घुमारा यावा म्हणोन यांजला तांब्याच्या घागरीत तोंड घालोन बोलविले, आणि हे बोलिले होते, "नऊ जण पुरे!" घागरीने जणचा जून केला. पडद्यावर घोडे पुरविणाराचे नाव आले, यांचे आले नाही. चाळीस वर्षे हे मनात सलत होते. कुटुंब वेणूबाई म्हणाल्या, "अहो, सांगून टाका एकदाचं. चारचौघांत नाव तरी घेतील." नाव! एवढीच हौस उरली होती, खोटे कशास बोला?

मग रंगोपंत काठी टेकीत कार्यालयी दाखल जाहले. तेथे दोन्ही तट हातघाईवर आलेले, वांग्यांची फेकाफेक चाललेली, आणि रसिकांचे सरलष्कर निनाद घैसास, विमा कचेरीत नोकर व आज तापाने आजारी, ध्वनिक्षेपक टोपाआत धरोन शांततेचे आवाहन करीत होते. रंगोपंत मंचावर चढोन म्हणाले, "अरे, भांडू नका. तो आवाज माझा आहे." लोक हसले. "काका, घरी चला, थकलात." तेव्हा रंगोपंतांनी छाती भरोन गर्जना केली, "नऊ जण पुरे!"

फेकणारांची वांगी हातातच राहिली. अंगावर काटा न आला ऐसा एक इसम नाही. सरलष्करांचे डोळे भरोन आले, त्यांनी पाय धरिले आणि म्हणाले, "काका, आवाज तोच! पण शब्द चुकला हो. वय झालं."

"अरे, शब्द हाच! बोललो मी, तर मला ठाऊक नाही?"

"बोललात तुम्ही, काका, पण ऐकलंय आम्ही. तीनशे वेळा." असे म्हणोन त्यांनी दंडावर गोंदविलेले 'नऊ जून' दाखविले. "ह्याचं काय करू मी? एकदा शुद्ध म्हणा, मग आख्ख्या सभेत तुमचं नाव पुकारतो." आणि एक रिकामा कुकर पुढे केला.

रंगोपंत कुकराकडे पाहत राहिले. एकीकडे शब्द, एकीकडे नाव. मग कुकरात तोंड घालोन बोलिले. कुकर घागरीचाच भाऊबंद, "नऊ जून पुरे!" ऐसा घोष उमटला. एकच जल्लोष जाहला. तुताऱ्या वाजल्या, दोन्ही तट गळ्यात गळे घालोन रडले, कोणी वांगीही ओवाळिली. आणि सरलष्करांनी वचनाप्रमाणे, टोपाआतूनच, नाव पुकारिले. सभेने ते तीन वेळा उचलोन धरिले.

रंगोपंत घरी परतले. वेणूबाई दारातच उभ्या. "घेतलं का हो नाव?"

"घेतलं."

"नीट घेतलं ना?"

"गंगोपंत उकळेकर."

येणेप्रमाणे गडदिन यथासांग पार पडला. जण गेले, जून राहिला. पुढील साली दोनशे सदऱ्यांवर गंगोपंतांचे नाव छापोन आले, आणि त्यातील एक सदरा रंगोपंतांस सन्मानपूर्वक देण्यात आला. तो त्यांस आखूड जाहला. बखर समाप्त.