हरीभाऊ आणि माझे गुडघे

आमच्या गणपतीच्या पंचामृतात हरीभाऊ म्हात्र्यांनी एकदा जास्वंदीचा रस टाकला. पंचामृत गुलाबी झालं. "आम्ल हाय," ते भटजींना म्हणाले, "पण चालंल." भटजींनी पळी खाली ठेवली.

हरीभाऊ रेवदंड्याला आमच्या शेजारी राहतात. तीस वर्षं त्यांनी एका कारखान्याच्या लॅबमध्ये काचेची भांडी धुतली. रिटायर झाल्यावर ओटीवर स्वतःची लॅब थाटली: एक फळी, लोणच्याच्या रिकाम्या बाटल्या, एक ड्रॉपर. जास्वंदीच्या पाकळ्या उकळायच्या आणि दिसेल त्यात दोन थेंब सोडायचे. गुलाबी झालं तर आम्ल, हिरवं झालं तर अल्कली. ताक, चुन्याची निवळी, धुण्याचा सोडा, कोळंबी धुतलेलं पाणी, माझ्या बायकोचा शाम्पू, काही सुटलं नाही. "रंग खोटं बोलत न्हाय," असं वर म्हणायचे.

रोज सकाळी ते आमच्या विहिरीचं पाणी तपासायला न्यायचे. पाणी वाटीभर, बसणं मात्र तासभर. मी कंटाळलो. एक दिवस त्यांना सांगितलं, उगाच कशाला येता, मीच बाटली भरून फाटकाला अडकवत जाईन. ते नुसतं "बरं" म्हणाले.

पुढे मला विहिरीपर्यंत जायचाही आळस आला. एका रविवारी मी नळाखाली सात बाटल्या भरल्या आणि रोज एक अडकवत गेलो. बायकोला ही युक्ती मोठ्या ऐटीत सांगितली. ती म्हणाली, बरं नाही करत तुम्ही.

आठव्या दिवशी हरीभाऊ स्वतःची बादली आणि दोर घेऊन दारात उभे. विहिरीच्या पाण्याला हिरवट झाक येते, ते सांगू लागले. या सातही बाटल्यांना आली नाही, म्हणजे पाणी नळाचं. माझे कान तापले. मी सबब शोधत होतो, तेवढ्यात त्यांनीच ती पुढे केली.

"मास्तर, गुडघं दुखतात ना? सांगायचं तरी. पाणी मी काढून देतो."

मी हो म्हणालो.

त्या दिवसापासून माझ्याहून सहा वर्षांनी मोठा माणूस आमचं पाणी शेंदू लागला, आणि मी लंगडत दारापर्यंत जाऊ लागलो. त्यांनी मला चोळायला तेलही आणून दिलं. बायको त्यांच्या चहात आलं घालायची, माझ्या चहात नाही. धडधाकट गुडघ्यांना रोज तेल चोळताना मला आरशात बघवत नव्हतं.

बाराव्या दिवशी मी विहिरीवर गेलो आणि सगळं सांगून टाकलं. गुडघे ठीक आहेत, पाणी नळाचं होतं, तुमचा कंटाळा आला होता, हेसुद्धा.

हरीभाऊ दोर ओढत राहिले. "म्हायती हाय," ते म्हणाले. "परवा एस.टी. धरायला धावलात की तुम्ही."

मग पाणी का काढत राहिलात, मी विचारलं.

त्यांनी बादली काठावर टेकवली. "दोन बादल्या होईस्तोवर वैनी आतून इचारतात, चहा टाकू का म्हणून. आमची ही गेल्यापासून घरात कोण इचारतंय?" मग बादली उचलत म्हणाले, "उद्या येऊ ना?"

मान वर न करताच मी हो म्हणालो.